समुद्राकाठचा फ्लॅट आणि वाड्याचे पैसे

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. ह्यांच्या आजोबांचा दांडिया बाजारातला वाडा दिवाळीनंतर विकला गेला आणि तिघा भावांत वाटणी होऊन ह्यांच्या वाट्याला एक कोटी दहा लाख आले. ह्यांचं वय ६४, माझं ६०. मुलगा टोरांटोला, मुलगी पुण्यात. मागच्या महिन्यात अलकापुरीतल्या एका हॉटेलात परदेशातल्या घरांचं प्रदर्शन होतं, तिथून हे थायलंडमधल्या फुकेतचा फ्लॅट डोक्यात घेऊन आले. एक बेडरूम, ३६ चौरस मीटर, बाल्कनीतून समुद्र. बांधकाम चालू आहे, ताबा दीड वर्षानं. किंमत बरोबर एक कोटी दहा लाखांच्या घरात. तीन वर्षं सहा टक्के भाड्याची हमी, शिवाय वर्षाला पंधरा दिवस आपण फुकट राहायचं. बंगला हवा असेल तर तोही आहे, तीस अधिक तीस अधिक तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. दोन लाख क्रेडिट कार्डावर भरून रविवारपर्यंत बुकिंग करायचं आहे. विकणारा मुलगा मला म्हणतो, ‘मासी, चिंता ना करो, बधुं अमे करी आपशुं’ (मावशी, काळजी करू नका, सगळं आम्ही करून देऊ). ह्यांनी वाड्याच्या दिंडी दरवाजाची पितळी कडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे, फुकेतच्या दाराला लावणार म्हणतात. नको म्हणायला माझ्याकडे कारण नाही, पण झोप उडाली आहे. काय करू?
— एक वाचक

ताई,

आधी एक करा. ते दोन लाख कार्डावर भरू देऊ नका. बाकीचं पत्र चहा घेऊन सावकाश वाचा, पण हे आजच सांगा यजमानांना.

मी रावपुऱ्यातल्या एका बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर एकवीस वर्षं काढली. तिथे एक गृहस्थ असेच आले होते, हातात कार्डाची स्लिप घेऊन. दुबईच्या फ्लॅटचं टोकन भरून झालं होतं आणि आता ‘हे जरा नियमात बसवून द्या’ म्हणत होते. बसवून कसं देणार? कार्ड परदेशात जेवायला, हॉटेलला, खरेदीला चालतं. घर घेणं हा भांडवली व्यवहार. तो पैसा बँकेतूनच, पॅन देऊन, ए-टू फॉर्मवर हेतू लिहून, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून जायला हवा. या योजनेत निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. तुमची रक्कम त्या मर्यादेत सहज बसते, म्हणजे घर घेण्याला कायद्याची आडकाठी नाही. अडचण दाराशी नाही, पुढच्या खोल्यांत आहे. शिवाय यासाठी बँक तुम्हाला कर्ज देणार नाही. पैसा स्वतःचाच हवा.

आता वाडा. तुमच्या पत्रात वाड्याचे पैसे एक कोटी दहा लाख असं लिहिलंय, आणि फ्लॅटची किंमतही तेवढीच. हे दोन आकडे जुळले तेव्हाच मला शंका आली की मध्ये कुणी सीए बसलेला नाही. वाडा विकून नफा झाला, त्यावर भांडवली नफ्याचा कर आहे. वडिलोपार्जित जुन्या घराची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ रोजीची रास्त बाजारकिंमत धरता येते, त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला घ्यावा लागतो. समजा यजमानांच्या हिश्श्याची तेव्हाची किंमत २० लाख निघाली. मग नफा ९० लाख, आणि साडेबारा टक्क्यांनी कर सव्वाअकरा लाख. घर २३ जुलै २०२४ पूर्वीचं असल्यामुळे निवासी माणसाला दुसराही हिशेब करून पाहता येतो, महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा. त्यानं तो सात लाखांच्या आसपास येईल. सेस वगैरे वेगळा. दोन्हींत जो कमी तो भरायचा.

आणि हा कर वाचवायचा सगळ्यांना ठाऊक असलेला मार्ग, म्हणजे त्या नफ्यातून दुसरं राहतं घर घेणं, तो फुकेतला चालत नाही. नवं घर भारतातच हवं. ही दुरुस्ती २०१४ च्या अर्थसंकल्पात झाली, त्याआधी परदेशातल्या घरावरून खटले चालत. आज वाद नाही. हाच पैसा वासणा रोडला, पुण्यात मुलीजवळ, नाहीतर दापोलीला दोन वर्षांच्या आत घरात घातला, तर तो कर जवळजवळ पुसला जातो. रिटर्नच्या तारखेपर्यंत घर ठरलं नाही तर पैसा बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायचा, म्हणजे घाई राहत नाही. प्रदर्शनातल्या मुलानं हे सांगितलं नाही यात मला नवल वाटत नाही. त्याला दापोली विकायची नाही.

पुढची खोली टीसीएसची. घर घेण्यासाठी पैसे बाहेर पाठवताना, वर्षातल्या पहिल्या दहा लाखांच्या वर जे काही जाईल त्यावर बँक वीस टक्के कर आधीच गोळा करते. एका वर्षात एकट्या यजमानांच्या नावानं एक कोटी दहा लाख गेले तर टीसीएस वीस लाख. म्हणजे खात्यात एक कोटी तीस लाख हवेत. हा पैसा बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो. वाडा विकला त्याच आर्थिक वर्षात रक्कम गेली तर वाड्याचा कर त्यातूनच वजा होईल आणि उरलेला परत मिळेल. पण परत मिळेपर्यंत तो तुमच्या हातात नाही. निवृत्त माणसाचे बारा-तेरा लाख कित्येक महिने अडकून राहणं काही लहान गोष्ट नव्हे, तेवढ्यात एखाद्या गुडघ्याचं ऑपरेशन निघतं. दोघांच्या नावे घेतलं आणि दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवलं तर दहा लाखांची सूट दोनदा मिळते. पण मग कागदावर तुम्हीही मालक हव्यात. मालकीत नाव नसलेल्या नातलगाची मर्यादा उसनी घेता येत नाही.

(बँकेत लोक मला विचारायचे, ‘बेन, हा कर आहे की अनामत?’ माझं उत्तर ठरलेलं असे: सरकारसाठी अनामत, तुमच्यासाठी कर. रिफंड आला की उलटं म्हणा.)

आता थायलंड. तिथे परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे तो बंगला डोक्यातून काढा. थाई कायद्यात भाडेपट्टा जास्तीत जास्त तीस वर्षांचा नोंदवला जातो. पुढची तीस आणि त्यापुढची तीस हे मालकानं दिलेलं वचन, जमीन कार्यालयातली नोंद नव्हे. तीस वर्षांनी यजमान चौऱ्याण्णव वर्षांचे असतील आणि वचन देणारा कुठे असेल कुणास ठाऊक. ‘थाई कंपनी काढू, तिच्या नावे जमीन घेऊ’ असंही सुचवतील. नावापुरते थाई भागीदार उभे करणं तिथे गुन्हा आहे.

फ्लॅटचं तसं नाही. त्यांच्या कॉन्डोमिनियम कायद्यानं परदेशी माणूस फ्लॅटचा पूर्ण मालक होऊ शकतो, पण एका इमारतीच्या विक्रीयोग्य क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. तुमची इमारत अजून उभी राहते आहे. तुमचा फ्लॅट त्या ४९ मध्ये आहे, हे करारात स्पष्ट शब्दांत हवं. नाहीतर ताब्याच्या वेळी ‘कोटा भरला, तुम्हाला भाडेपट्ट्यावर देतो’ असं ऐकावं लागेल आणि पैसे मात्र मालकीचे गेलेले असतील. करार तिथल्या वकिलाला दाखवा, आणि तो विकणाऱ्यानं सुचवलेला नसावा. मसाल्याची पूड विकणाऱ्याकडेच तिची चाचणी कोण करून घेतं?

एक बारीक गोष्ट, काउंटरवर शिकलेली. पैसे डॉलरमध्ये पाठवा आणि त्यांचे बाट, म्हणजे थाई चलन, तिथल्या बँकेत होऊ द्या. थायलंडची बँक त्या पैशाचं परकीय चलनाचं प्रमाणपत्र देते. फ्लॅट नावावर करताना जमीन कार्यालय ते मागतं, आणि उद्या विकल्यावर पैसा देशाबाहेर न्यायचा तर बँकही तेच मागते. पाठवणाऱ्याचं नाव आणि घर घेणाऱ्याचं नाव एकच हवं, कारणाच्या रकान्यात फ्लॅटचा क्रमांक हवा. हप्त्यानं दिलं तर प्रत्येक हप्त्याचा असा कागद, आणि तो पासपोर्टच्या शेजारी ठेवायचा. मी पाहिलंय, लोक मुलांच्या गुणपत्रिका जपतात आणि हे कागद ब्रोकरकडे राहू देतात.

सहा टक्के हमीचा हिशेब मी दोनदा केला. वर्षाला सहा लाख साठ हजार, तीन वर्षांत एकोणीस लाख ऐंशी हजार. ही रक्कम कंपनी कुठून आणते? बहुतेक वेळा तुमच्याच किमतीतून. याची परीक्षा सोपी आहे. त्याच भागातला, तेवढाच, हमी नसलेला जुना फ्लॅट केवढ्याला विकायला आहे ते पाहा. फरक पंधरा-वीस लाखांचा निघाला तर हमी तुम्हीच तुम्हाला देता आहात. शिवाय तिथे न राहणाऱ्या मालकाच्या भाड्यातून पंधरा टक्के कर कापतात, आणि भारतात राहणाऱ्याला जगात कुठेही मिळालेलं भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. तिथे कापलेल्याचं श्रेय मिळतं, पण त्यासाठी वेगळा फॉर्म आणि त्यासाठी सीएची वेगळी फी. तीन वर्षांनंतर काय? तेव्हा म्हणतील, रोजच्या पाहुण्यांना द्या. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीनं भाड्यानं देणं तिथे हॉटेलच्या परवान्याशिवाय बेकायदा आहे. आणि ते फुकट पंधरा दिवस कधीचे, तेही करारात वाचा. डिसेंबर-जानेवारी त्यात नसणार. मेपासून ऑक्टोबरपर्यंत फुकेतला नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटे. तुम्हाला दिवस मिळतील ते बहुधा त्यातले. इथला पाऊस सोडून तिथला पाऊस बघायला जायचं.

देखभालीचा खर्च चौरस मीटरवर महिन्याला असतो. समजा साठ बाट असला, तर ३६ मीटरला महिना २,१६० बाट, वर्षाला आपले सत्तर हजार रुपये. तुम्ही एक दिवस राहा की तीनशे. खाऱ्या हवेनं एसीचं यंत्र गंजतं ते निराळं. माझ्या चुलतभावाचा मुरुडला बंद फ्लॅट आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही कुलूप काढलं तर गाद्यांवर हिरवी बुरशी, फ्रिजचं दार उघडल्यावर सगळे बाल्कनीत पळालो, आणि सुट्टीचे पहिले दोन दिवस व्हिनेगर आणि फडकी. तो दोन गाड्यांचा रस्ता होता. फुकेतसाठी आधी अहमदाबाद नाहीतर मुंबई गाठायची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा आपल्यापैकी किती जणांना स्वतःच्या तळमजल्यापर्यंत पोचता आलं नव्हतं, आठवा. आणि फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यानं २००४ ची त्सुनामी पाहिली आहे.

घर झालं की रिटर्नचा साधा ‘सहज’ फॉर्म सुटतो. दर वर्षी परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅट दाखवायचा, भाडं असो नसो. विसरलं तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला आता त्यात सवलत आहे, पण स्थावर तिच्यातून वगळलं आहे. म्हणजे यजमान ऐंशीचे झाले तरी हा तक्ता भरला जायला हवा. कोण भरणार?

इथेच मला मुलांचं विचारायचं आहे. मुलगा टोरांटोहून वर्षातून किती दिवस येतो? दोन-तीन आठवडे, आणि ते तुम्हाला भेटायला. ते फुकेतला जावेत असं तुम्हाला वाटतं का? थाई कायद्यात परदेशी वारसाला फ्लॅट ठेवायला पुन्हा तीच पात्रता सिद्ध करावी लागते, ती नसेल तर वर्षाच्या आत विकावा लागतो. म्हणजे एक मूल कॅनडात, एक पुण्यात, वडील नुकतेच गेलेले, आणि तिसऱ्याच देशातल्या कचेरीत थाई भाषेतले कागद. वाड्याच्या वाटणीला तुमच्याकडे किती वर्षं लागली ते मला विचारायचं धाडस नाही. तो वाडा तरी सूरसागरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता.

आणि फ्लॅटमुळे तिथे राहायची परवानगी मिळते असं यजमानांना वाटत असेल, तर तसं नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी निवृत्तीचा व्हिसा आहे, पण त्याला बँकेत आठ लाख बाट किंवा महिन्याला पासष्ट हजार बाट उत्पन्न लागतं. घराचा कागद त्यात धरत नाहीत.

माझं मत विचाराल तर मी हा फ्लॅट घेणार नाही. पण ‘नको’ एवढंच म्हणून तुमचं घर शांत होणार नाही, कारण यजमानांना खरं काय हवंय ते मला तुमच्या पत्रातल्या कडीत दिसलं. वाडा गेला. सकाळी उठून जिथे जायचं, ओसरीवर बसायचं, भावांची पोरं यायची, ती जागा गेली. कारेलीबागेतलं घर त्यांनी बांधलं, पण ते त्यांच्या आजोबांचं नव्हे. त्या रिकाम्या जागेत कुणीतरी समुद्राचं चित्र आणून ठेवलं आणि ते बरोबर बसलं. आपल्या बडोदेकरांना परदेशाचं कौतुक जुनंच. सयाजीराव महाराज वर्षातले कित्येक महिने युरोपात काढत. पण त्यांच्या मागे संस्थानाचा खजिना होता, आणि घर झाडून ठेवायला माणसं.

म्हणून रविवारी भांडू नका. यजमानांना म्हणा, फ्लॅट राहू दे, पण जाऊ या. नोव्हेंबर-डिसेंबरात महिनाभर तिथेच, त्याच किनाऱ्यावर फ्लॅट भाड्यानं घ्या. विमान, भाडं, खाणं मिळून दोघांचे तीन लाख धरा, थोडे इकडेतिकडे. पन्नास लाख मुदत ठेवीत ठेवले तर सहा टक्क्यांनी तेवढं व्याज दरवर्षी येतं, मुद्दल हलत नाही, आणि कंटाळा आला तर पुढच्या वर्षी दुसरा समुद्र. पंधरा दिवसांनी तुमच्या लक्षात येईल की भाजी कुठे मिळते, रक्तदाबाच्या गोळ्या कुठे मिळतात, ह्यांना दुपारी गप्पांना कोण आहे. पहिले चार दिवस समुद्र बघतात सगळे. पाचव्या दिवशी सेव-उसळ आठवते.

महिन्याभरानंतरही त्यांना घ्यावंसं वाटलं, तर मग घ्या, पण चालू बांधकामातला नव्हे, उभ्या इमारतीतला, आणि एक कोटी दहाचा तर नाहीच. वाड्याचा कर भरून, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दोघांच्या नावे माणशी तीस लाखांपर्यंत जेवढं बसेल तेवढं घालून, आजारपणाचे बाजूला काढून जे उरेल त्यातलं. विकायची वेळही आधीच विचारात घ्या. पाच वर्षांच्या आत विकलं तर थायलंडमध्ये ३.३ टक्के वेगळा कर आहे, आणि आलेला पैसा भारतात १८० दिवसांत परत आणायचा नियम आहे.

विकणाऱ्या मुलाला एवढंच विचारा: आमचा फ्लॅट परदेशी मालकीच्या ४९ टक्क्यांत आहे असं लेखी देता का, आणि टोकन बँकेतून आलं तर चालेल ना? खरा विक्रेता असेल तर रविवार ओलांडून थांबेल.

कडीचंही सांगते, कारण तुम्ही विचारलं नाही तरी तेच विचारलंय. कॉन्डोमध्ये बाहेरचं दार सगळ्या मजल्याचं एकसारखं असतं आणि त्यावर काही ठोकायला सोसायटी बहुधा हरकत घेते, सामाईक जागा म्हणून. तिथे ती आत, बेडरूमच्या हलक्या दारावर जाईल, आणि दिंडी दरवाजाची कडी त्या दाराला पेलवेल असं मला वाटत नाही. तुमच्या कारेलीबागेच्या घराचं पुढचं दार सागवानी आहे का? असेल तर मांडवीजवळ अजून हाती काम करणारे सुतार आहेत. कडी वर्तमानपत्रातून काढा, चिंचेनं घासा, आणि एखाद्या सुताराला बोलावून घ्या.